ग्वाल्हेरची छोटी गाडी: प्रदर्शनात लोकांच्या हाताला काय द्यावं?

लष्करची_लेक
मंडळी, सल्ला हवा आहे, आणि जरा लवकर हवा आहे.

आमचं मंडळ या हिवाळ्यात, व्यापार मेळ्याच्या दिवसांत, ग्वाल्हेरच्या वाहतुकीच्या इतिहासावर प्रदर्शन भरवतंय. खालचा हॉल आणि पुढचं अंगण एवढीच जागा. पालखी, बग्गी, टांगा, टेम्पो यांना एकेक कोपरा मिळेल, पण मधली जागा छोट्या गाडीची.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ग्वाल्हेर लाइट रेल्वे, दोन रुळांतलं अंतर फक्त दोन फूट, म्हणजे ६१० मिलिमीटर. इथल्या माधवराव शिंदे महाराजांनी १८९०च्या दशकात आधी राजवाड्याच्या आवारात हौसेनं रूळ घातले. १८९९ मध्ये ती लोकांसाठी धावू लागली, भिंड आणि शिवपुरीकडे फाटे गेले, आणि १९०९ मध्ये तिसरी शाखा श्योपूरला पोचली. ग्वाल्हेर ते श्योपूर जवळजवळ २०० किलोमीटर, या मापाच्या जगातल्या सर्वांत लांब मार्गांपैकी एक. २०२० मध्ये गाडी थांबली, आता तिथे ब्रॉडगेज, म्हणजे रुंद रूळ, होतेय.

वाहतुकीच्या बहुतेक संग्रहालयांत मला एक गोष्ट खटकते. जी वस्तू चालण्यासाठी जन्मली ती तिथे दोरीच्या पलीकडे उभी असते, शेजारी एक पाटी. लोक फोटो काढतात आणि पुढे सरकतात. आमच्या समितीत यावर उपाय म्हणून चार टचस्क्रीन भाड्यानं आणायचं चाललंय. माझा त्याला विरोध आहे, पण नुसत्या विरोधानं काम होत नाही, पर्याय द्यावा लागतो. तुम्ही कुठे काही हातानं केलंत आणि ते लक्षात राहिलं असं आहे का? खर्च थोडका असावा.

बाड्यावरचा
ताई, आपल्या शहरात याचं उत्तर शंभर वर्षांपासून जेवणाच्या टेबलावर आहे! जयविलास राजवाड्यातली चांदीची गाडी. टेबलावर रूळ, छोटं इंजिन, डब्यांवर SCINDIA ची एकेक अक्षरं, डब्यांत बाटल्या आणि सिगार. पाहुण्यानं बाटली उचलली की गाडी थांबते, परत ठेवली की चालू लागते. पाहुणा काहीतरी करतो आणि गाडी त्याला उत्तर देते. यापेक्षा चांगली कल्पना आजच्या कुठल्या संग्रहालयात असेल तर दाखवा.

आता ती मौल्यवान, तिला हात लावू देणं शक्य नाही, ते बरोबरच आहे. पण लाकडाची तशी एक करून टेबलावर फिरवली तर? डब्यात लिंबू सरबताचे पेले ठेवायचे.

खडखडाट
+१. सरबत असेल तर मी उद्घाटनालाच येतो.

वायरमन
@बाड्यावरचा, हे अवघड नाही. खेळण्यातल्या गाड्यांना रुळांतूनच १२ व्होल्टचा पुरवठा मिळतो. पेल्याखाली एक दाबाची कळ ठेवायची. पेला तिच्यावर असेपर्यंत जोडणी पूर्ण, उचलला की तुटते आणि मोटर थांबते. चांदीच्या गाडीत नेमकी काय रचना आहे त्यात मी शिरत नाही, आपल्यापुरतं हे चालेल. दोन सूचना. कळा डझनभर जास्तीच्या घ्या, कारण त्या जातात. आणि पेले झाकणाचे घ्या, सरबत रुळांवर सांडलं की चाकाला वीज मिळणं बंद.

लष्करची_लेक
@बाड्यावरचा, @वायरमन, हे पक्कं झालं असं समजते. समितीपुढे पहिलं हेच मांडते.

कोथरूडहून
पुण्यात कोथरूडला जोशींचं छोट्या आगगाड्यांचं संग्रहालय आहे. तिथे अख्खं शहर चालतं, सिग्नल बदलतात, गाड्या एकमेकींना वाट देतात. तिथे बसून बघायचं असतं, हाताला काही नसतं, तरीही मुलं हलत नाहीत. म्हणजे प्रत्येक वेळी बटण दिलंच पाहिजे असं नाही, समोर काहीतरी खरोखर घडलं पाहिजे.

दुसरं उदाहरण इंग्लंडमधल्या यॉर्कच्या रेल्वे संग्रहालयाचं. तिथे 'एलरमन लाइन्स' नावाचं वाफेचं इंजिन उभं कापून ठेवलंय. भट्टी कुठे, नळ्या कुठे, वाफ सिलिंडरात कशी जाते, सगळं उघडं. मी अभियंता नाही, पण तिथे उभं राहिल्यावर इतक्या वर्षांत पहिल्यांदा कळलं की आग पाण्याच्या मधून जाते. नळ्यांत धग असते आणि पाणी त्यांच्या बाहेर. कुठल्याही पाटीनं हे मला समजावलं नव्हतं.

अभिलेख
वेगळं मत मांडतो. सगळे 'हात लावू द्या' म्हणताहेत, पण हाताचं काय होतं ते मी रोज बघतो, माझं काम जुन्या वस्तू सांभाळण्याचं आहे. घामात क्षार असतात. पितळेवर बोटांचे ठसे काही दिवसांत काळे पडतात आणि पुढे धातूत उतरतात. जुन्या पुठ्ठ्याच्या तिकिटाला दोनशे लोकांनी हात लावला की कडा सुटतात. लाकडावरचा मूळ रंग एकदा घासला गेला की परत येत नाही. लोक तुमच्याकडे घरातल्या वस्तू विश्वासानं देणार: आजोबांचा कंदील, शिट्टी, टोपीवरचा बिल्ला. त्या काचेतच हव्यात.

तेव्हा पहिल्या दिवसापासून दोन ढीग करा. अस्सल वस्तू बघण्यासाठी, नक्कल हाताळण्यासाठी. आणि नक्कल आहे हे तिथे स्पष्ट लिहा.

शाळेच्या_वेळेत
@अभिलेख, पटलं. मी शिक्षिका आहे, माझी अडचण वेगळीच आहे. माझ्या वर्गात साठ मुलं. प्रदर्शनात एक बटण असलं की एक मूल दाबतं आणि एकोणसाठ ढकलाढकली करतात. दोन मिनिटांनी बटण तुटतं. आजकाल ज्याला संवादी प्रदर्शन म्हणतात ते बहुधा एकट्या माणसासाठी केलेलं असतं, आणि आपल्याकडे एकटं कोण येतं? घरचे आठजण येतात, शाळा येते, मोहल्ला येतो.

म्हणून ज्यात पंधरा-वीस जण एकदम सामील होतील अशा गोष्टी शोधा. अंगण आहे ना? तिथे चार मापांचे रूळ शेजारी शेजारी टाका. लोखंडाचे कशाला, लाकडी पट्ट्या चालतील: ६१०, ७६२, १००० आणि १६७६ मिलिमीटर. मुलांना त्यांच्यामध्ये उभं राहू दे, उड्या मारू दे. आपल्या छोट्या गाडीच्या रुळांत चौथीतलं मूल सहज पाय फाकून दोन्हीकडे उभं राहील, ब्रॉडगेजमध्ये अख्खं आडवं मावेल. अडीचपटीहून जास्त फरक आहे हे फळ्यावर सांगून कळत नाही, तिथे एका उडीत कळेल.

हिरवा_झेंडा
रेल्वेत गार्ड होतो, आता निवृत्त. धागा वाचून बरं वाटलं. शिक्षिकाबाईंच्या रुळांना एक जोड देतो.

छोट्या गाडीतून आलेला माल ग्वाल्हेरला मोठ्या गाडीत चढवायचा कसा? डबे तर रुळांवर बसत नाहीत. एकच मार्ग, सगळं उतरवा आणि परत भरा. प्रत्येक पोतं, प्रत्येक पेटी, माणसाच्या पाठीवरून. जिथे जिथे दोन मापं भेटतात तिथे तिथे हे होत आलं. यात वेळ जातो, माल फाटतो, चोरी होते, आणि हमालांची पाठ मोडते. अरुंद रूळ घालायला स्वस्त, वळणं जवळून घेता येतात, रूळ हलके चालतात, म्हणून संस्थानांनी ते घातले. पण वाचलेला तो पैसा पुढे वर्षानुवर्षं अशा ठिकाणी थोडाथोडा फेडावा लागला.

तुमच्या अंगणात दोन फळ्यांचे डबे करा, एक अरुंद, एक रुंद. मध्ये चार पावलांचं अंतर. भुशाची पोती भरून ठेवा. दहा मुलांची एक टोळी, घड्याळ लावा, सगळी पोती इकडून तिकडे. मग विचारा, गाडीचं माप बदलायला लोक का मागे लागले होते? मुलं स्वतःच सांगतील.

आणि हेही सांगायला हवं की माप बदललं म्हणून मला वाईट वाटत नाही असं नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

शाळेच्या_वेळेत
@हिरवा_झेंडा, सर, हे फार सुंदर आहे. मी माझा वर्ग पहिल्याच दिवशी आणते.

सबलगढची_काकू
माझं माहेर सबलगढ. लग्न होऊन ग्वाल्हेरच्या लष्कर भागात आले ते याच गाडीनं. जौरा, कैलारस, सबलगढ ही नावं आम्ही पाढ्यासारखी म्हणायचो. गाडी इतकी सावकाश की माझा धाकटा भाऊ उतरून शेतातले हरभरे तोडायचा आणि मागच्या डब्यात चढायचा. आई ओरडायची. टपावर माणसं बसलेली असायची, आत बायका, गाठोडी, दुधाच्या बरण्या, एखादी शेळी.

तुम्ही सगळे यंत्राचं बोलताय, ते ठीक आहे. मला विचाराल तर डब्याचं खरं माप घेऊन दोन बाकं समोरासमोर मांडा, नुसती. त्यावर अनोळखी माणसांना बसू द्या. गुडघ्याला गुडघा लागतो की नाही बघा. तसे बसलो की बोलावंच लागायचं. माझ्या सासरकडच्या दोन सोयरिकी त्या बाकांवर ठरल्या.

खडखडाट
काकू, मग प्रदर्शनात वधू-वर सूचक कोपरा ठेवू या, बाकांचं भाडं तिथून निघेल :)

बडोदेकर_मी
धागा आवडला. फक्त एक नम्र आठवण. अरुंद रुळांची गोष्ट निघाली की डभोईला नमस्कार करावा लागतो. आमच्या बडोद्याच्या खंडेराव महाराजांनी १८६२ मध्ये डभोई ते मियागाम मार्ग सुरू केला, ७६२ मिलिमीटरचा, आणि सुरुवातीला गाड्या बैल ओढायचे! रूळ इतके हलके होते की इंजिनाचं वजन त्यांना पेलेना. पुढे जाड रूळ आल्यावर इंजिनं नियमित धावली. आमच्याकडे प्रतापनगरला जुनी इंजिनं ठेवली आहेत, कधी या.

तुमच्या प्रदर्शनासाठी यातून एक सुचतं. 'बैल की इंजिन' असा एक साधा प्रयोग करा. दोन फळ्या, एक जाड आणि एक पातळ, दोन्ही टोकांना टेकू. त्यावर मुलांनी एकेक वीट ठेवत जायची. पातळ फळी वाकते, जाड नाही. रुळाचं वजन आणि इंजिनाचं वजन यांचा संबंध तिथेच कळतो.

राजवाड्याजवळचा_इंदुरी
बडोदेकर आले म्हणजे आम्हीही आलोच. आमच्या इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर दुसरे यांनी खंडवा-इंदूर मार्गासाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्ज दिलं होतं, साडेचार टक्के व्याजानं, १०१ वर्षांच्या मुदतीवर. राजा सरकारला कर्ज देतो! तो मीटरगेज. त्याच मार्गावरचा पातालपाणीचा घाट बघायचा असेल तर आता तिथे पर्यटकांची गाडी आहे.

माझी सूचना: रेल्वे आणायची की नाही, कुठून न्यायची, हे कुणीतरी ठरवलेलं असतं, आणि संग्रहालयात ते कधीच दिसत नाही. एका मोठ्या टेबलावर तुमच्या भागाचा नकाशा काढा: ग्वाल्हेर, चंबळचं खोरं, गावं, बाजार, जंगल. लोकांना दोरी द्या आणि सांगा, दोरी एवढीच आहे, सगळीकडे पुरणार नाही. आता मार्ग घाला. भिंडला न्यायचा की श्योपूरला? बाजाराजवळून न्यायचा की सरळ? भांडणं होतील, होऊ द्या.

बाड्यावरचा
इंदूरकरांनी भांडणाची सोय केली नाही असं कधी झालंय का! पण दोरीची कल्पना झकास आहे. आणि मोजकी दोरी हीच त्यातली खरी खुबी, नाहीतर सगळे सगळ्या गावांना रेल्वे देऊन मोकळे होतील.

सेल्फी_सरदार
मी म्हणतो डब्याचं टप करा आणि लोकांना वर बसून फोटो काढू द्या. ग्वाल्हेरची गाडी म्हटलं की जगभर तोच फोटो दिसतो. रांग लागेल.

हिरवा_झेंडा
याला माझा स्पष्ट नकार. टपावरून पडलेली माणसं उचललेली आहेत मी. दुसऱ्या विभागात, दुसऱ्या मार्गावर, पण माणसं तीच. तो खेळ नव्हता. गाड्या कमी, डबे कमी, रस्ता नाही, म्हणून लोक वर बसत.

सबलगढची_काकू
गार्डसाहेब, तुमचं बरोबर आहे. पण टप गाळलंत तर ती आमची गाडी राहत नाही. माझे वडील टपावरूनच कचेरीला जायचे, त्यांना आत कधी जागा मिळालीच नाही.

शाळेच्या_वेळेत
मधला मार्ग असा: टप चढण्यासाठी करायचंच नाही. भिंतीवर डबा काढा, आत किती माणसं मावतात तेवढ्या आकृत्या आत, उरलेल्या वर. मग मुलांनाच विचारा की डब्यात इतकीच जागा आणि गाडी दिवसातून एकदाच, तर तुम्ही काय केलं असतं? चढाल, थांबाल की चालत जाल? काकूंच्या वडिलांची गोष्ट तिथे ऐकायला ठेवा. गार्डसाहेबांचीही.

हिरवा_झेंडा
हे मान्य.

बोटांनी_वाचणारा
बऱ्याच उशिरा लिहितोय. मला दिसत नाही, फोन वाचून दाखवतो आणि मी बोलून लिहितो.

वर 'हात लावू द्यावा का' यावर चर्चा झाली. डोळसांसाठी हात लावणं ही गंमत आहे, जादाची गोष्ट आहे. माझ्यासाठी काचेतली वस्तू म्हणजे रिकामी खोली. मी संग्रहालयांत गेलो आहे, सोबतचा माणूस पाट्या वाचतो आणि मी काचेवर हात ठेवून उभा राहतो. @अभिलेख, तुमचं म्हणणं मी समजतो, आजोबांच्या कंदिलाला दोनशे हात लागू नयेत. पण नक्कल करणार असाल तर ती शोभेची नको. वजन खरं हवं. लोखंडाच्या जागी थर्माकोल ठेवला तर मला खोटं सांगितल्यासारखं होतं.

मला काय हवं ते सांगतो. रुळाचा एक वीतभर कापलेला तुकडा, छोट्या गाडीचा आणि मोठ्या गाडीचा, शेजारी शेजारी. वरचं डोकं, मधली बारीक कंबर, खालचा रुंद पाय हे बोटांना लगेच कळतं. इंजिनाचं असं मॉडेल जे दोन्ही हातांच्या कवेत येईल, फार मोठं नको, मोठं असलं की पूर्ण आकार मनात बसत नाही. ब्रेल पाट्या छातीच्या उंचीला, भिंतीवर वर नकोत. आणि चालायच्या वाटेत दोऱ्यांचे खांब ठेवू नका.

अभिलेख
@बोटांनी_वाचणारा, दादा, तुमचं पूर्ण पटलं. रुळाचा तुकडा ही अस्सल वस्तूच असेल आणि ती खुशाल हाताळावी, पोलाद आहे, तेलाचा हात फिरवला की झालं. भंगारात निघालेले तुकडे रीतसर परवानगीनं मिळवता येतील. कंदिलाची पितळी नक्कल मी करून देईन, खऱ्या वजनाची.

कोथरूडहून
हाच प्रतिसाद या धाग्यातला सर्वांत महत्त्वाचा वाटला. तुकड्यांसाठी अर्ज करताना आकारही लिहून द्या, नाहीतर चार फुटांचा रूळ दारात येऊन पडेल.

हिरवा_झेंडा
आवाजाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून सांगतो. दोन वस्तू करा. एक, पुठ्ठ्याच्या तिकिटावर तारीख उमटवायचं यंत्र. तिकीट फटीत सरकवलं की खट्ट आवाज होतो. ज्यांनी तिकिटं काढली त्यांना तो आवाज झोपेतही ओळखू येईल. येणाऱ्या प्रत्येकानं स्वतःच्या तिकिटावर स्वतः तारीख मारावी, स्टेशनाचं नाव निवडावं, घोसीपुरा, मोतीझील, सुमावली, जे हवं ते.

दुसरी, गोळ्याचं यंत्र. एकेरी मार्गावर दोन स्टेशनांच्या मध्ये एका वेळी एकच गाडी हवी. त्यासाठी दोन्हीकडे एकेक यंत्र, आतून तारेनं जोडलेलं. पलीकडच्या मास्तरनं परवानगी दिल्याशिवाय इकडचा गोळा सुटत नाही. आणि एक गोळा बाहेर असेपर्यंत दोन्हींपैकी कुठल्याही यंत्रातून दुसरा निघत नाही. तो गोळा चामड्याच्या पिशवीत, पिशवीला मोठी कडी, ती ड्रायव्हरकडे. गोळा हातात म्हणजे पुढचा मार्ग तुझा. देशभर एकेरी मार्गांवर हे वर्षानुवर्षं चाललं. हॉलच्या दोन टोकांना दोन यंत्रं ठेवा, दोन अनोळखी माणसं, मध्ये घंटी. एकानं मागायचं, दुसऱ्यानं द्यायचं. एकटा माणूस कितीही हुशार असला तरी गोळा निघणार नाही.

वायरमन
विजेच्या दोन कुलपांनी हे जमेल. एकाचं सुटलं की दुसऱ्याचं आपोआप बंद राहील अशी जोडणी करतो.

घाटीगावचा
सगळ्या सूचना छान आहेत. एक बोलतो, राग मानू नका. मंडळ मराठी आहे, महाराज मराठी होते, म्हणून प्रदर्शन दरबारापासून सुरू होणार हे दिसतंय. पण रुळांवर गिट्टी टाकणारे, डब्यांना तेल घालणारे, टपावर बसणारे बहुतेक इथलेच, त्यांची बोली वेगळी. त्यांच्या घरी आजही दिवे, हातोड्या, पगाराची पुस्तकं असतील. त्यांना तुम्ही विचारलंत का? नुसते पाहुणे म्हणून नाही, सांगणारे म्हणून बोलावलंत का?

लष्करची_लेक
@घाटीगावचा, राग कसला. अजून विचारलेलं नाही, आणि विचारायलाच हवं. येत्या रविवारी घोसीपुऱ्यापासून सुरुवात करतो आहोत. रेकॉर्डिंग त्यांच्याच बोलीत ठेवायचं, खाली मराठी-हिंदी लिहायचं. जुने फोनचे रिसीव्हर मिळाले आहेत, उचलला की गोष्ट ऐकू येईल. काकूंच्या वडिलांची गोष्ट आणि गार्डसाहेबांची गोष्ट एकाच भिंतीवर, शेजारी शेजारी.

समितीची बैठक काल झाली. टचस्क्रीनचे पैसे आता गोळ्याचं यंत्र, पेल्यांची गाडी आणि ब्रेल पाट्यांकडे वळवले. एक स्क्रीन राहील, तो जुन्या चित्रफितींसाठी. आता खरी अडचण माणसांची आहे. प्रत्येक ठिकाणी समजावून सांगणारा कुणीतरी हवा, यंत्र बिघडलं तर जागच्या जागी दुरुस्त करणारा हवा. मेळ्याच्या काळात संध्याकाळी चार ते नऊ. कोण येऊ शकेल?

शाळेच्या_वेळेत
माझ्या नववीच्या मुली रूळ आणि पोत्यांपाशी उभ्या राहतील, आठवड्यातून तीन संध्याकाळी. त्यांना आधी गार्डसाहेबांनी एकदा शिकवावं. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात मी बघितलंय, समजावणारा चांगला असला की साध्या वस्तूपाशीही लोक थांबतात.

हिरवा_झेंडा
रोज येईन. गोळ्याच्या यंत्रापाशी बसायला खुर्ची तेवढी ठेवा.

वायरमन
शनिवार-रविवार माझे. बाकी दिवशी कुलूप अडकलं तर फोन करा, पण आधी प्लग बघा.

सबलगढची_काकू
बाकांवर मी बसते.

बोटांनी_वाचणारा
उद्घाटनाच्या आधी एक दिवस मला आणि माझ्या दोन मित्रांना आत सोडा. आम्ही चालून, चाचपून सांगू काय आडवं येतंय. नंतर दुरुस्त करण्यापेक्षा ते सोपं पडेल.

लष्करची_लेक
नक्की. गुरुवारी दुपारी तीनला, हॉल तेवढ्यासाठीच उघडा ठेवते. पोत्यांसाठी भुसा कुठून आणावा हे कुणी सांगेल का? वीस पोती लागतील.

घाटीगावचा
माझ्या गावी आरा मशीन आहे. पोती आणून द्या, भरून पाठवतो.